एक झेंडा की दोन

२४ मार्च २०१८, शनिवार

चेंडू अंड्यासारखा! तो हातानं फेकायचा नाही – मुठीनं ठोसा मारून द्यायचा, नाहीतर लाथ मारायची. पळताना अधूनमधून जमिनीवर आपटायचाही. असलं अंडं जमिनीवर आपटलं की कुठं जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमच्या सूनबाईच्या, सुरुचीच्या हातात मात्र बरोबर परत येतं.

सूनबाईबरोबर आज पहिल्यांदा सरावाला गेले. कॅनडात, मिल्टनला आल्यापासून बाहेर पडले ती ग्रोसरीपुरती. इथं हवा भरलेला एक प्रचंड पांढरा फुगा आहे, त्याच्या आत खोटं हिरवं गवत. बाहेर बर्फ, आत मुली घामाघूम. खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल. संघाचं नाव हेरन्स – म्हणजे बगळे.

बसायला शेजारच्या ग्वेनबाई होत्या. जन्म ऑस्ट्रेलियातला, पण उभी हयात कॅनडात गेली. सुरुचीला या नादाला लावलं ते त्यांनीच. घडीची खुर्ची, मांडीवर गोधडी, थर्मास. मला पण एक खुर्ची आणली होती. त्यांचं इंग्रजी नाकातून येतं, माझं मिरजेहून – तरी जमलं.

त्यांचं मत: गेल्या वर्षीपेक्षा बरं. गेल्या वर्षी बगळे एकही सामना जिंकले नव्हते, त्यामुळं याला कौतुक म्हणावं की काय, कळेना. निम्म्या मुली सोडून गेल्या – कुणी नोकरीसाठी, एक शिकायला सस्काटूनला. आता नवी कोच, नव्या मुली. मैदानात नऊजणी लागतात. आज आठच होत्या. लीगनं म्हणे सांगितलंय, मे अखेरपर्यंत नऊ उभ्या करा, नाहीतर संघ बंद.

२५ मार्च

परीक्षित संध्याकाळी विंडसरला परत गेला. गाड्यांच्या कारखान्यात आहे तिथं; शुक्रवारी येतो, रविवारी जातो. सुरुचीची नोकरी इकडं, म्हणून घर इकडं. जाताना गॅरेजमध्ये मला हळूच म्हणाला, आई, तू बोललीस का तिच्याशी?

नाही बोलले.

गेल्या उन्हाळ्यात खेळताना तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तो ‘खेळ सोड’ म्हणाला की भांडण होतं, म्हणून हे काम माझ्याकडं. विमानात बसतानाच मी वाक्यं ठरवून आले होते. आता ती आठवेनात. काल तिला पळताना बघितलं ना, त्यामुळं असेल.

७ एप्रिल

नऊ झाल्या! रोवेना म्हणून एक मनिलाची नर्स आली आहे. बुटकी, पण उडी काय घेते! ग्वेनबाईंनी माझा गुडघा दाबला, मी त्यांचा.

१५ एप्रिल, रविवार

शुक्रवार दुपारपासून बर्फाची गारपीट. झाडांच्या काड्याकाड्यांवर काच चढल्यासारखी. एप्रिल आहे की काय आहे! कालचा सराव रद्द. परीक्षित विंडसरलाच अडकला, रस्ते बंद.

सुरुची बेसमेंटमध्ये भिंतीवर चेंडू ठोकत होती. धाड धाड आवाज. मी चहा घेऊन खाली गेले तर म्हणाली, आई, जरा समोर उभ्या राहता का? राहिले. तिनं मुठीनं चेंडू मारला, माझ्या पोटात. दुसरा धरला! तिसरा पण. मग मी मारायला लागले. पाटावर मूठ आपटून पापडाचं पीठ कुटलेले हात आहेत, ठोसा बरा बसतो. सुरुची म्हणाली, तुमचं हँडबॉल – म्हणजे हा ठोसा – कोर्टनीपेक्षा सरळ जातं. कोर्टनी म्हणजे आमची सगळ्यात उंच पोरगी, कपाटासारखी.

दमून जिन्यावर बसलो. मी खांद्याचं विचारलंच. दुखतो का, वगैरे. तिला कळलं मला काय म्हणायचंय ते. म्हणाली –

"आई, दिवसभर मी स्क्रीनसमोर असते. कॅमेरा बंद करून मीटिंग. परीक्षित तिकडे. पहिले दोन विंटर या घरात माझा आवाज मलाच ऐकू यायचा. शनिवारी आठजणी माझं नाव घेऊन ओरडतात ना, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो."

मिरजेला हे गेल्यावर पहिलं वर्ष मी रेडिओ लावून जेवायचे. तिला सांगितलं नाही. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो.

१६ एप्रिल

परीक्षितचा फोन. बोललीस का? – हो, बोलले. काय म्हणाली? – म्हटलं, तिला बाहेरून मारायला शिकायला हवं, पाय आत वळतो. पलीकडून तो दोनदा म्हणाला, काय?

५ मे, शनिवार

बर्फ गेलं. फुग्यातून मैदानात. ऊन असलं की सगळं गाव चड्डीवर येतं इथं, मी मात्र स्वेटर आणि वर शाल.

पहिला सराव सामना. हरलो. चौसष्ट – अकरा.

एकूण चार खांब असतात एका बाजूला. चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला की एक. आमचे अकरापैकी पाच गुण कडेनं. म्हणजे तोंडापर्यंत घास नेतो आणि नाकाला लावतो.

ग्वेनबाईंचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, बचाव कच्चा आहे. माझं म्हणणं, बचाव ठीक आहे, पण चेंडू मिळाला की मुली घाबरून लगेच लाथ मारतात – कुणाला, कुठं, बघत नाहीत. त्या म्हणाल्या, तुला हा खेळ बघायला लागून किती दिवस झाले? मी म्हटलं, घाबरलेलं माणूस ओळखायला खेळ कशाला यावा लागतो. टपाल खात्यात काउंटरला आयुष्य काढलंय.

घरी आलो. मग त्यांनीच फाटकातून हाक मारून सांगितलं – यू हॅव अ पॉइंट, प्रबा. मला त्या प्रबाच म्हणतात. चालतंय.

८ मे

सुरुचीनं माझा मुद्दा कोचला सांगितला! कोच मेल – शाळेत शिक्षिका आहे – म्हणाली, सासूबाईंना विचार, आणखी काय दिसलं. सांगितलं. रोवेनाला पुढं ठेवा. बुटकी आहे म्हणून मागं ठेवलीय, पण चेंडू खाली पडला की तिच्याइतकी चपळ कुणी नाही.

१२ मे, शनिवार

रोवेना पुढं. दुसरा सराव सामना हरलो, पण बेचाळीस – एकतीस. अकरावरून एकतीस! परतताना गाडीत ग्वेनबाईंनी त्यांच्या लहानपणीची आरोळी शिकवली. मी त्यांना ‘बगळे’ म्हणायला शिकवलं. त्यांच्या तोंडून ‘बगाळी’ येतं. खिडक्या उघड्या ठेवून सगळ्या मेन स्ट्रीटभर बगाळी, बगाळी.

आज एक नवंच झालं. दर सामन्याला प्रत्येक संघानं गोलमागं एक माणूस उभं करायचं असतं. चेंडू मधून गेला तर दोन बोटं दाखवून दोन झेंडे हलवायचे, कडेनं गेला तर एक. खांबाला लागून आत गेला, तरी एकच. आमच्याकडून जे गृहस्थ उभे राहायचे त्यांची पाठ धरली. मेलनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी कशी? म्हटलं मला पळता येत नाही. म्हणाली, पळायचं नाही, नुसतं खरं बघायचं.

हो म्हणून बसले!

१७ मे

घरामागच्या लाकडी डेकवर झेंड्यांचा सराव. सुरुची वाकडेतिकडे चेंडू मारते, मी खुणा करते. पलीकडच्या घरातला माणूस बार्बेक्यू सोडून बघत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, आमचा काही सण आहे.

२५ मे, शुक्रवार

परीक्षित आला. उद्याच्या शेवटच्या सराव सामन्याला मी पण येतो म्हणाला. ‘बघू तरी तुम्ही दोघी काय करता.’ त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. उद्या तिला पुन्हा लागलं तर त्याला बोलायला कारण मिळेल. आणि नाही लागलं तर – बघू.

२६ मे, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवते.

अंगात पांढरा कोट, डोक्यावर टोपी, पायात परीक्षितनं घेऊन दिलेले बूट, हातात दोन झेंडे. ग्वेनबाईंनी खुर्ची माझ्या जवळ आणायला बघितली, मीच हाकलली. कामावर गप्पा नाहीत. परीक्षित त्यांच्या शेजारी बसला. आधी हाताची घडी घालून. मग घडी सुटली. मग उभा. मग मैदानाच्या कडेकडेनं बायकोबरोबर पळायलाच लागला. ग्वेनबाई मागून ओरडत होत्या, अरे रेघेच्या बाहेर राहा!

आणि मुली काय खेळल्या! घाबरल्या नाहीत. चेंडू मिळाला की थांबत होत्या, बघत होत्या, मग देत होत्या. रोवेनानं दोन गोल केले. कोर्टनीनं तिघींच्या डोक्यावरून चेंडू काढला. मधे सुरुची जोरात आपटली – त्याच खांद्यावर. परीक्षित जागच्या जागी थांबला. ती उठली, खांदा फिरवून बघितला, आणि पहिल्यांदा नवऱ्याकडं बघून अंगठा दाखवला. मग माझ्याकडं.

शेवटी त्यांचे एकेचाळीस, आमचे अडतीस. वेळ संपत आलेली. चेंडू रोवेनाकडून सुरुचीकडं. ती माझ्या समोर, ऐन तोंडावर. पाय आत न वळवता मारला – मी सांगितलं होतं तस्सा. चेंडू वर गेला. माझ्या डोक्यावरून, मधल्या दोन खांबांच्या आतून.

सगळ्या नाचायला लागल्या. परीक्षित मैदानात घुसला.

पण जाता जाता चेंडूनं डावा खांब घासला होता. अगदी जरासा. खांबाच्या कापडी वेष्टणाला सुरकुती पडून गेली, एवढंच. मी खालीच उभी होते. मला दिसलं. दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही.

मधला अंपायर माझ्याकडं बघत होता. सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. सुरुची दोन्ही हात वर करून हसत होती. मला वाटलं, सरावाचा तर सामना आहे. कोण विचारणार? आणि लगेच वाटलं – मेल म्हणाली होती, नुसतं खरं बघायचं. बघितलं तर आहे. मग आता काय करू?

एक बोट वर केलं. एक झेंडा हलवला.

एकेचाळीस – एकोणचाळीस. हरलो. ग्वेनबाईंनी गोधडी तोंडावर घेतली.

गाडीनं तिघंच परत निघालो. सुरुची चालवत होती. डोनटच्या दुकानाशी सिग्नल लागला, तेव्हा समोर बघतच तिनं विचारलं –

"आई, खरंच लागला?"

"लागला."

"थोडासाच ना?"

"थोडा म्हणजे लागलाच की गं."

सिग्नल हिरवा झाला. ती काही हलेना. मागच्यानं हॉर्न वाजवला. बघते तर ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतेय! हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग मला पण आवरेना. शेवटी गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली. मागून परीक्षित म्हणाला, "दहावीच्या निकालाला पेढे वाटायच्या आधी हिनं माझी मार्कशीट दोनदा तपासली होती. तू कोणाला विचारतेयस?"

मग तोच उतरून तिघांसाठी कॉफी घेऊन आला. तिच्या खांद्याला लावायला बर्फाचा पेला पण. सोडून दे वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, पुढच्या शनिवारी किती वाजता आहे?

२७ मे

ग्वेनबाई सकाळी डेकवर आल्या नाहीत. दुपारी पण नाही. मी बेसनाचे लाडू वळले, चार बशीत घातले आणि फाटकातून सरळ आत गेले. त्या रोपं लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, मी पण तेच केलं असतं. मग थोड्या वेळानं – नाही, खरं सांगू? मी दोन झेंडे हलवले असते!

दोघींनी पायरीवर बसून लाडू खाल्ले आणि मोसमाचा अंदाज बांधला. बचाव सुधारलाय, हे मी मान्य केलं. रोवेनाबद्दल मी बरोबर होते, हे त्यांनी. चौसष्ट – अकरावरून दोन गुणांवर आलोय. नऊजणी पक्क्या, दहावी विचारून गेलीय, संघ बंद होत नाही. या वर्षी निम्मे सामने जिंकू, असं दोघींचं ठरलं. मी तर म्हणते जास्तच.

३१ मे, गुरुवार

सकाळी लीगच्या बाईंचा फोन. शनिवारच्या समोरच्या संघानं माझं नाव दिलंय. मोसमभर गोलमागं उभ्या राहाल का? दर शनिवारी न्यायला गाडी येईल. पण घरचं माणूस खेळत असेल तो सामना मिळणार नाही, आणि सगळे सामने एकाच वेळी. म्हणजे बगळ्यांचा एकही सामना मला दिसणार नाही.

सुरुची समोर डबा भरत होती. हात तेवढा थांबला.

मी हो म्हणाले.

परवा तिचा सामना मिल्टनला, माझा ग्वेल्फला. संध्याकाळी तिचा कसा झाला ते ती मला सांगेल. माझा मी तिला.