मेहुण्याला दिलेल्या पँटी

५ जानेवारी
संकल्प: सात किलो उतरवणे. साखर बंद, लिफ्ट बंद, रोज पहाटे चालणे. मेहुणाही मैदानात उतरला आहे. हिचा धाकटा भाऊ, माझ्याच मापाचा. जो आधी सात किलो उतरवेल त्याने आपल्या जुन्या पँटी हरणाऱ्याला द्यायच्या, असं ठरलं. कल्पना माझी. तो म्हणाला, भावोजी, कपाटात जागा करून ठेवा. हसलो. मला शिस्त आहे, त्याला नुसता उत्साह.

६ जानेवारी
चाललो नाही. बूट नवीन आहेत, आधी सैल व्हायला हवेत. संध्याकाळी ते घालून टीव्ही पाहिला.

२५ जानेवारी
दीड किलो कमी! चालणं आतापर्यंत दोनदा झालं. पण आकड्यावर आंधळा विश्वास ठेवणं मला शोभत नाही. दुकानांचे, दवाखान्यांचे वजनकाटे तपासून शिक्का मारणं ही माझी नोकरी. साहेबांना विचारून ऑफिसातली प्रमाण वजनं घरी आणली आणि न्हाणीघरातला काटा तपासला. चोख. म्हणजे घट माझीच.
वजनं उचलून जिना चढताना दम लागला. हाही व्यायामच.

३ फेब्रुवारी
संध्याकाळी कणकण. हिने थर्मामीटर लावला, शंभरच्या वर. मी शांतपणे समजावलं की या थर्मामीटरवर कुठलाही शिक्का नाही, सबब हा आकडा ग्राह्य धरता येत नाही. ही म्हणाली, शिक्का तुमच्या कपाळावर मारायला हवा.

११ फेब्रुवारी
आठवडाभर रोज दिवेलागणीला येणारा ताप आज आलाच नाही. गोळीही घेतली नव्हती. विचार केला. शरीर चरबी जाळतंय, तर थोडी ऊब होणारच. ही म्हणते, तरी डॉक्टरकडे जाऊन या. बऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय?

२८ फेब्रुवारी
ताप परत. बहुधा ऑफिसातला एसी. रात्री इतका घाम येतो की सकाळी बनियन पिळावा लागतो. हिने गेल्या आठवड्यात दोनदा उशीचा अभ्रा बदलला. मी मात्र याकडे सकारात्मक दृष्टीने पाहतो: लोक घाम गाळायला जिमचे पैसे भरतात.
आज मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं. म्हणाले, बघा, याला म्हणतात निर्धार. रहस्य काय ते सांगा सगळ्यांना. मी म्हणालो, सातत्य. टाळ्या पडल्या. नंतर मन खात राहिलं. या महिन्यात चार वेळा चाललोय. हे खोटं बोलणं झालं का? प्रामाणिकपणे विचार केला. सातत्य हे मी सर्वसाधारण तत्त्व म्हणून सांगितलं, स्वतःबद्दल नाही. तरी उद्यापासून नक्की.

१ मार्च
पाऊल उचलवत नाही. ताप उतरला की सुरू.

१६ मार्च
मधे दहा-बारा दिवस ताप नव्हता. चालायला मात्र वेळ झाला नाही. ऑफिसात सेंड-ऑफचा केक होता. दोन तुकडे खाल्ले, तिसरा कपाटामागे उभं राहून. घरी येऊन काट्यावर चढलो तो शिक्षा म्हणून. आणखी कमी! ज्याने केक खाल्ला त्याने हे श्रेय घ्यावं का, हा प्रश्न नैतिक आहे. त्यावर झोप येईपर्यंत विचार केला. उत्तर मिळालं नाही, झोप लवकर येते हल्ली.
मेहुणा उकडलेल्या भाज्या खातो, रोज धावतो आणि अर्धा किलो वाढलाय. त्याला थोडं मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, भावोजी, ते राहू द्या, चहात काय घालता तेवढं सांगा.

५ एप्रिल
जिंकलो. सातचे आठ झाले. समारंभपूर्वक पँटी दिल्या. त्याने तिथल्या तिथे एक घालून पाहिली, बसली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, ते सगळं ठीक, पण मानेवर ही सुपारी कसली? मी म्हटलं, चरबीखाली झाकलेली होती, आता दिसायला लागली. दुखत नाही. जे दुखत नाही त्याला दुखणं कसं म्हणायचं? हिने भांडी जरा जोरात ठेवली.

१८ एप्रिल
ताप. त्या थर्मामीटरचा कायमचा निकाल लावायचा म्हणून तो ऑफिसात नेला. कोमट पाण्यात प्रमाण थर्मामीटरशेजारी ठेवला.
लिहिणं भाग आहे. थर्मामीटर चोख निघाला.
घरी सांगितलं. हिने फोन उचलला आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

२१ एप्रिल
डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर माझाच शिक्का, माझी सही. बरं वाटलं. उभा राहिलो आणि त्यांनी विचारायच्या आत सांगितलं: नऊ किलो. त्यांनी अभिनंदन केलं नाही. विचारलं, यासाठी नक्की काय करत होतात? एवढ्या महिन्यांत असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगितलं. चालणं सगळं मिळून सात वेळा. केकही सांगितला, तिसऱ्या तुकड्यासकट. मग ताप, घाम आणि गाठ, हे त्यांनी मला सांगायला लावलं. माझं यश त्यांनी त्याच रांगेत लिहिलं, तापाच्या खाली. गाठीचा तुकडा काढून तपासायचा आहे.

९ मे
रिपोर्ट आला. लिम्फोमा. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. येऊन-जाऊन असणारा ताप, बाई म्हणाल्या, याचं लक्षण असू शकतो. उपचार आहेत, पुष्कळांना गुण येतो, पण लवकर आला असतात तर बरं झालं असतं. इतके दिवस का थांबलात? मी वाक्य जुळवत होतो. ही म्हणाली, यांना शिक्का हवा होता. मग तिने पदर तोंडाला लावला.

१२ मे
परवापासून केमो. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. बाई म्हणाल्या, या गोळ्यांनी खूप भूक लागेल, चेहरा सुजेल, वजन वाढेल, घाबरू नका.
मेहुण्याला फोन केला. त्या पँटी परत लागतील म्हणालो. आणि टोमण्याची वाट बघत थांबलो.
तो म्हणाला, इस्त्री करून आणतो, भावोजी.