दोरीवरचं लुगडं

ॲरिझोना, ८ मे १९९४

माझ्या भावा बाबली बाबा,

सुर्ल्याहून निघताना मी तुला म्हटलं होतं, या खाणीच्या धुळीत कुत्रंसुद्धा राहायचं नाही. पांढरं लुगडं दोरीवर टाकलं की खनिजाचे ट्रक तासाभरात ते लाल करून जायचे.

इथे माझ्या लेकाच्या, गौरेशच्या बंगल्यात धूळ नाही. ऊन तर असं, की पापड भाजून निघेल. म्हणून काल मागच्या अंगणात दोरी बांधून लुगडं वाळत घातलं. आज कॉलनीच्या कमिटीची चिठ्ठी आली: कपडे बाहेर दिसले की कॉलनीची शोभा जाते. कसली डोंबलाची शोभा! सगळे बंगले एकाच चिखलाच्या रंगाचे, आणि अंगणात गवताऐवजी विकत आणलेली लाल खडी. आपल्या दारात ट्रक फुकट सांडून जायचे रे! शिसारी येते मला.

त्याहून शिसारी गौरेशची आली. त्याने लुगडं ओलंच ओढून काढलं आणि शेजारणीला हसत सांगितलं, "आई खेड्यातली, तिला कळत नाही." एवढं इंग्रजी मला कळतं.

बाबली, आपलं घर विकायला मीच तुझ्यामागे लागले होते. पावसाआधी तू विक्रीच्या कागदावर सही करणार ना? करू नको. पडवीतली दोरीही सोडू नको. लुगडं लाल झालं तर होऊ दे.

पण पाकिटावर पत्ता गौरेशच घालतो, आणि आधी आतलं वाचून काढतो. हे वाचलं तर तो टपालात टाकायचा नाही. म्हणून हा कागद त्याच लुगड्याच्या घडीत ठेवते. तू सही करशील.

खेड्यातलीच तुझी,
विनोदिनीबाय