उभं राहण्याचा हट्ट

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सर्फिंग शिकायला लागून एकवीस दिवस झाले आणि मी एकदाही उभी राहिलेली नाही. लाट येते, मी फळीवर हात टेकून उठायला जाते, की तोंडात खारट पाणी. शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. म्हणते, बाई, पायांकडे नको, समोर बघा. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना मी हेच ओरडत आले!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शाळेने माझ्याकडून मैदान काढून ग्रंथालय गळ्यात मारलं, तिथल्याच एका पुस्तकाने हे वेड लावलं. प्रशांत महासागरातल्या बेटांवर राजे, राण्या, कोळी सगळेच लाकडी फळ्यांवरून लाटांवर स्वार व्हायचे. पुढे बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांनी त्याला रिकामटेकडेपणा ठरवलं, खेळ जवळजवळ बुडाला. मूठभर बेटकरांनी तो धरून ठेवला, दूरच्या किनाऱ्यांवर जाऊन करून दाखवला. आता बर्फाळ समुद्रातही लोक रबरी कपडे घालून लाटांची वाट बघतात.

तर मला लाकडाची फळी करून दे. ही फोमची मला जुमानत नाही. रजा संपायच्या आत उभी राहणार, आणि मुख्याध्यापिकाबाईंना फोटो दाखवणार.

तुझी,
धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नाचता येईना, अंगण वाकडं! एका दवाखान्याची सोळा कपाटं अडलीत आणि मी तुझ्या फळीवर रंधा मारतोय. तुझी वहिनी म्हणते, दोघा भावंडांना एकाच डॉक्टरला दाखवायला हवं. चार क्षणांत विरणाऱ्या लाटेसाठी जगभरची माणसं घरदार सोडून धावतात, त्यात गोडी कसली? रविवारी फळी घेऊन येतो. तुझी समजूतही घालायची आहे.

दादा

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

रविवारी तुझ्याशी धड बोलले नाही. समजूत घालायला आलास, सहज म्हणून फळीवर चढलास आणि दुसऱ्याच लाटेवर उभा! साठीला टेकलेला, पोट सुटलेला, विजार दुमडलेला माणूस! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. पाण्याने खालून अलगद उचललं, असं तू दहादा सांगितलंस, तेव्हा तुला ढकलून द्यावंसं वाटलं.

काल डॉक्टर म्हणाले, चालाल, जिना चढाल, पण हा गुडघा झटक्यात कधीच दुमडणार नाही. म्हणजे शाळेचंच खरं. सध्या पत्र नको.

धाकटी

ता. २४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

नको म्हणालीस तरी लिहितोय. लाट डोक्यातून जात नाही, दोन कपाटांना बिजागऱ्या उलट्या बसवल्या. तुला शिकवणाऱ्या त्या पोरीला फोन केला. ती म्हणाली, बेटांवरची माणसं फळीवर पालथं पडूनही लाटा घ्यायची. मी चिडून विचारलं, हे बाईंना का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा सांगितलं, बाई ऐकतात कुठे!

दादा

ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं आणि समुद्रावर गेले. पालथी पडले. लाटेने मागून धरलं आणि थेट वाळूवर आणून टाकलं. सगळा वेळ हनुवटीखालून पाणी धावत होतं. आनंदाने ओरडले, दादा. मग इतका राग आला, सहा आठवडे फुकट घालवल्याचा!

मुख्याध्यापिकाबाईंना लिहिलं, उड्या मारून दाखवणार नाही, पण मैदान परत द्या. उत्तर आलं, विचार करू. विचार करू म्हणे! सोमवारी शिट्टी घेऊन मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार आहे. उठवून दाखवा म्हणावं.

लोभ तेवढा सांभाळ, रागाचं मी बघते.

तुझी,
धाकटी