बावन्न किलो

पिंपळगाव बसवंत,
१२ जानेवारी १९८६

ती. ताईस,
रंगनाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आहे, पॅकिंगच्या शेडमधून मान वर काढायला फुरसत नाही. यशोदाने तुझ्यासाठी बोंबलाची चटणी करून ठेवली आहे.

बारकूमामांनी बातमी आणली की तू रोज संध्याकाळी व्यायामशाळेत वजनं उचलतेस. मला आधी थट्टाच वाटली. बाई, पस्तिशीत हे काय खूळ? उद्या कंबर धरली तर कोण बघेल? सिन्नरच्या मास्तरांचं स्थळ अजून थांबलं आहे. बायको वारली, मूलबाळ नाही, माणूस सरळ आहे. हे वजनाचं तेवढं त्यांच्या कानावर जाऊ नये. आई होती तोवर तुला उचलाउचल करावी लागली, कबूल. आता कोण आहे उचलायला?

रागावू नकोस, माया आहेच.
तुझा धाकटा,
रंगनाथ

नाशिक,
१९ जानेवारी १९८६

चि. रंगनाथास अनेक आशीर्वाद.

मामांचं पोट बघता त्यांनीच चार दिवस व्यायामशाळेत यावं. बाकी बातमी खरी आहे.

तू विचारलंस, आता कोण आहे उचलायला. कुणी नाही, म्हणूनच जाते. अर्धांगानं आईची एक बाजू गेली, त्यानंतर ती कितीदा तरी मोरीत पडली. मला ती उचलवत नसे. काखेत हात घातला की ओल्या फरशीवरून निसटायची. मग शेजारच्या लताबाईंच्या नवऱ्याला बोलवायचं. तो येईपर्यंत आई लुगडं सावरत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी शेवटी म्हणायची, "चांगुणा, कुणाला बोलवू नको. हितंच राहू दे मला."

हे तुला कधी लिहिलं नाही. आता दिवसभर एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडते आणि घरी येऊन कुलूप काढते. हात रिकामे राहिले की सहन होत नाही. व्यायामशाळेतल्या नाथासरांनी पहिल्यांदा वजनाचा बार हातात दिला, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, जिल्ह्याची स्पर्धा आहे. प्रत्येकीबरोबर घरचं एक माणूस असतं, टॉवेल द्यायला, पाठीवर हात ठेवायला. तू ये.

यशोदाला आशीर्वाद, लेकरांना पापे.
तुझी ताई,
चांगुणा

पिंपळगाव बसवंत,
४ फेब्रुवारी १९८६

ती. ताईस सप्रेम जयभीम.

घाईत कार्ड लिहितो. रविवारीच माल भरायचा आहे, शेठ सोडत नाहीत. येणं जमत नाही. जपून उचल. मास्तर निरोपाची वाट बघताहेत, काय कळवू?

रंगनाथ

नाशिक,
१० फेब्रुवारी १९८६

चि. रंगनाथास आशीर्वाद.

कार्ड पोचलं. हंगाम कुणासाठी थांबत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. टॉवेल नाथासरांनीच धरला.

शेवटच्या उचलीला सर म्हणाले, पंचावन्न लावू, पहिला नंबर येतो. मी बावन्न सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. सिव्हिलमध्ये आईचं शेवटचं वजन केलं, तेव्हा ते बावन्न भरलं होतं. हे त्यांना काय सांगणार?

उचललं. डोक्यावर धरलं. पंचांनी खूण केली तरी खाली घ्यावंसं वाटेना. नंबर तिसरा आला. बाकीच्यांना त्यांची माणसं घेऊन गेली, मी बसनं आले. सांगायला घरात कुणी नव्हतं, फार रडले.

मास्तरांना नकार कळव. माणूस चांगला असेल, पण हे लपवून मला कुणाच्या घरात जायचं नाही.

सर विचारत होते, सगळ्याजणी वजन धाडकन टाकतात, तू एवढं हळू का टेकवलंस, पाठ धरली असती. तूच सांग, आईला कुणी आपटतं का?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ताई