पाचव्या कॅसेटीतला हात

सोमवार, ता. ३ जून १९९६
भोजनाच्या वेळी चित्राने पुन्हा तोच विषय काढला. माझी नात, बी.एस्सी.च्या वर्गात आहे; परंतु डोक्यात त्या बँडखेरीज काही नाही. बँडचे नाव इंग्रजी. त्याचा अर्थ 'पितळी कंदील' असे कळले. मी तसेच लिहितो. त्यांच्या पाच कॅसेटी निघाल्या. त्यांचा उत्तमापासून कनिष्ठापर्यंत क्रम लावून तिला तो कॉलेजच्या फलकावर लावावयाचा आहे.
"अज्जा, तुम्हीपण सांगा की. तू रोज ऐकतोस, गोत्त आहे मला."
कानडी मुलुखात वाढलेली; तुम्ही आणि तू, मराठी आणि कन्नड, एकाच श्वासात. आजोबा म्हणावे हे सांगून थकलो.
मी ऐकत नाही. टेप माझ्या भिंतीपलीकडे वाजतो, इतकेच.
ड्रम वाजविणारा मो., माझा धाकटा मोहन. सात वर्षांपूर्वी कापडछपाईचे ठसे टाकून बंगळूरला गेला. त्याचे नाव या घरात घ्यावयाचे नाही असे मीच बजाविले, ते सर्वजण पाळतात.
माझा क्रम: १ली, २री, ४थी, ३री. ५वी नवी आहे. तिच्याविषयी अद्याप

बुधवार, ता. ५
पाचवी आज तीन वेळा वाजली. काहीतरी लपविले जात आहे.
चाळीस वर्षे मी कापडावर ठसा एकाच रीतीने बसविला. मुठीने दोन हलके ठोके, मग एक जड. देवराज मोहल्ल्यातील आमच्या छपाईच्या मेजाशेजारी वाढलेल्या माणसाचा हात निराळा पडूच शकत नाही. पहिल्या चार कॅसेटींत तो आहे. मो. ला ठाऊक नसेल, परंतु आहे. पाचवीत नाही. शिवाय एका ठशाला दुसरा भिडतो तेथे केसभर सांधा दिसतो. माणसाच्या कामात तो दिसतोच. पाचवीत कोठेही सांधा नाही.
चित्राला सहज विचारले, हा वाजवितो कोण?
"काकाच, अल्ला, हो ना? दुसरं कोण असणार?"
उत्तर देण्यापूर्वी तिने आईकडे पाहिले. सूनबाई कुकर उतरविण्यास आत गेल्या. कुकरची शिट्टी झालेली नव्हती.

गुरुवार, ता. ६
अनंत, माझा थोरला, मेटगळ्ळीच्या कारखान्यास सकाळी जातो. त्याच्या पिशवीत आज मला दोन डबे दिसले. सूनबाईस, सुशीलेस, कारण विचारले.
"ह्यांची भूक वाढली आहे, मामंजी."
भूक वाढलेल्या माणसाचा कमरपट्टा एक भोक आत गेला आहे, हे मी पाहिले आहे.
दुसरा डबा कोणाचा? रुग्णालयात कोणी आहे काय? पाचव्या कॅसेटीत हात नाही. आणि डबा जातो. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवून पाहतो आहे. विचारणार नाही. ज्याने नाव बंद केले त्यानेच

सोमवार, ता. १०
चित्रा कॉलेजला गेल्यावर टेपवरील धूळ पुसण्यास गेलो. टेपखाली तिच्या वहीचे फाडलेले पान. मला वाचता यावे म्हणून देवनागरीत लिहावयास घेतलेले, अर्धेच. वर 'अज्जासाठी'. खाली एक ओळ:
मोहनकाका मेले
पुढे कोरे.
मी चवथीपर्यंतच शिकलो, परंतु ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही आणि वाचण्यातही चुकत नाही. ही मुलगी मला 'अज्जा आला' म्हणते. काकासाठी आज प्रथमच तिने आदरार्थी बहुवचन बरोबर लिहिले. असे शब्द उगीच नीट लिहिले जात नाहीत.
विहिरीवर जाऊन डोक्यावरून स्नान केले.
"मघाशीच झाली ना अंघोळ, मामंजी?" सुशीला.
"होय."
तिच्या चेहऱ्यावर काहीही नाही. किती दिवसांपासून हे लोक माझ्यासमोर असे चेहरे ठेवून जेवत आहेत? जेवलो नाही. पोट बरे नाही असे सांगितले. सायंकाळी अनंत दोन रिकामे डबे घेऊन आला आणि शीळ घालीत हातपाय धुऊ लागला. भाऊ गेलेला माणूस शीळ घालतो काय?
त्या चार कॅसेटींतले दोन हलके, एक जड. आता तेवढेच.

मंगळवार, ता. ११
सकाळी सर्वांच्या देखत पान चित्रापुढे ठेवले. "हे केव्हा झाले?"
तिने वाचले. "हे? माझी लिस्ट, अज्जा. अर्धी राहिली."
"मोहन केव्हा गेला?"
सात वर्षांनी ते नाव या घरात उच्चारले गेले, आणि ते मी उच्चारले. अनंतचा हात चहाच्या पेल्यावर थांबला.
"अय्यो! मेले! कन्नडातलं मेले! वर, वर! काकाच्या चार वरती, मिशिनवाली केळगे, खाली. मराठीत काय म्हणतात आठवेना, म्हणून..." ती हसू लागली. माझ्याकडे पाहून थांबली.
घरात दिवसातून दहा वेळा बोलला जाणारा शब्द. परंतु देवनागरीत मी आजवर मराठीखेरीज काही वाचलेलेच नाही.
मग म्हणालो, "मिशिनवाली म्हणजे?"
चित्राने जीभ चावली. सुशीलेने पदरास हात पुसले आणि ती बोलली. बँडवाल्यांनी ठोके देणारे यंत्र आणले. मो. ला कमी केले. चार महिने तो मेटगळ्ळीत आहे, एका वर्कशॉपमध्ये लेथवर.
"आणि मला कोणी सांगितले नाही."
"नाव घेऊ नका म्हणालात, मामंजी. आम्ही नाव घेतलं नाही. डबा दिला."
माझे मेज कापड छापण्याच्या यंत्राने बंद केले, तेव्हा मलाही याच घराने जेवू

गुरुवार, ता. १३
भूक आहे. परंतु शंका जात नाही. तो स्वतः का आला नाही? मेटगळ्ळी किती दूर? सात वर्षांपूर्वी 'परत येशीलच' असे मी म्हणालो होतो, ते त्याने लक्षात ठेवले असणार. मीही ठेवले आहे.
चांगल्या कागदावर क्रम लिहून काढला.
१. पहिली. २. दुसरी. ३. चवथी. ४. तिसरी. ५. पाचवी, कारण तीत माणूस नाही.
सही केली नाही. अक्षर ओळखू येईल.

शुक्रवार, ता. १४
सुशीलेस म्हणालो, "हा कागद दुसऱ्या डब्याच्या झाकणात ठेव." कोणासाठी, ते सांगितले नाही. तिने विचारले नाही. डब्यात वांग्याची भाजी होती. अनंत वांगे खात नाही, हे मी आजवर कसे विसरलो?
सायंकाळी डबा रिकामा आला. कागद नाही. अनंतने दिला तरी का?

शनिवार, ता. १५
कागद आला. काळ्या वंगणाचा अंगठा उमटलेला. माझा पहिला क्रमांक आडव्या रेघेने खोडला आहे. खाली त्याचे तेच तिरके अक्षर:
'पहिलीत हात कच्चा होता. चवथी मेले.'
या वेळी मी बरोबर वाचले.
परंतु कच्चे कोणते आणि पक्के कोणते, हे चाळीस वर्षे मी ठरविले आहे. चवथीत त्याची घाई सरळ ऐकू येते. जड ठोका दोन्ही हलक्यांच्या अंगावर पडतो. हा फेरबदल मला मान्य नाही. आणि असा वाद डब्याच्या झाकणातून मिटणारा नव्हे.
उद्या रविवार, वर्कशॉप बंद. मेटगळ्ळीची पहिली बस किती वाजता सुटते, असे अनंतला विचारले.
"कशाला, अप्पा?"
सांगितले नाही.