शेवगा कापल्यानंतरची शांतता

राई, भाईंदर
पाडवा होऊन आठवडा झाला

प्रिय अहो,

तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा होतात, पण उत्तर येत नाही, म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत नाही, आणि फाडलंत तर क्षितिजा मला सांगेलच. रुसून माहेरी जायचा मान बायकोचा असतो हो! लेकीकडे रुसून बसलेला बाप मी आजवर पाहिला नव्हता. त्यात रागाने निघतानाही तुम्ही पिशवी भरून शेवग्याच्या शेंगा नेल्यात. रिक्षात बसलात तेव्हा त्या पिशवीतून हातभर बाहेर आल्या होत्या आणि सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती.

आता बागेची खबर. मोगऱ्याची छाटणी झाली. आंब्याला आणि लिंबाला आळी केली, नारळाची सोडणं मुळांशी पसरली, खाडीवरून येणारा वारा माती सुकवतो म्हणून. कढीपत्त्याचे शेंडे खुडले. नळाला पाणी कमी होतं म्हणून मोगऱ्याला दोन दिवस बोअरिंगचं घातलं, तर पानं कडेने करपली. हो, होळीनंतर ते पाणी खारट होतं हे तुम्ही दरवर्षी सांगता. यंदा सांगायला नव्हतात, तर मी काय करू? आता तांदूळ धुतलेलं पाणी घालतेय. सावरतोय बिचारा.

शेवग्याचं मात्र मी मुद्दाम केलं, ते कबूल. आई म्हणायची, दारात शेवगा असला की घरात भांडण हटत नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर हौसेने लावलात तेव्हाच मी बोलले होते. मग बघा ना, पाणी किती घालायचं यावरून भांडण, चहात साखर किती यावरून भांडण, पंखा दोनवर की तीनवर यावरून भांडण. होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही पेपर आणायला गेलात आणि मी माणूस बोलावून झाड कमरेएवढं ठेवून कापून घेतलं. शेंगा लगडलेल्या होत्या, हे मला कापल्यावर दिसलं. तुम्ही फाटकात पेपर घेऊन उभे राहिलात, एक शब्द बोलला नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही गप्प बसल्याची ती पहिलीच वेळ! मला वाटलं, बघा, लगेच गुण आला. तो गुण नव्हता, हे तुम्ही क्षितिजाकडे जायला पिशवी भरलीत तेव्हा कळलं.

पुढची गंमत ऐका. कापलेल्या फांद्या फेकायच्या जिवावर आल्या, म्हणून गल्लीत वाटल्या. शेवग्याची फांदी कुठेही खोचली तरी जगते. गुणवंतभाईंनी फाटकाशी लावली, समोरच्या दुर्गाबाईंनी तुळशीमागे, कोळीवाड्यातल्या सत्यवतीने जाळी वाळत घालतात तिथे. पंधरा दिवसांत सगळ्या फुटल्या. आणि आता रोज सकाळी गुणवंतभाई आणि त्यांचा दिपेश गाडी कुठे लावायची यावरून रस्त्यात ओरडतायत. शाळेत मुलांना शांत बसवणाऱ्या दुर्गाबाई एसीच्या रिमोटवरून नवऱ्याशी अशा भांडतात की मला दोन्ही बाजू पाठ झाल्यात. गुणवंतभाई परवा फाटकाशी येऊन हात जोडून म्हणाले, शुभदाबेन, आप का झगडा हमारे यहां क्यूं भेजा? मी शरमेने लाल झाले. सत्यवती तेवढी हसते. म्हणते, आमचे घरान दोनी सुना आधीपासून भांडतान, शेवगा नवा हाय, सुना जुन्या हायत.

आणि आपल्या घरात? आपल्या घरात ठार शांतता. पंखा मला हवा तेवढा, चहात साखर हवी तेवढी, टीव्हीचा रिमोट दिवसभर माझ्या मांडीवर. दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी मी पंखा तीनवर केला आणि कोणी काही बोलेना, तर मलाच थंडी वाजायला लागली. भाजीवाल्याशी मुद्दाम भांडून पाहिलं. त्याने लगेच कोथिंबीर जास्त टाकली आणि निघून गेला. असं कुठे भांडण असतं का? पाडव्याला गुढी एकटीने बांधली, ती वाकडी झाली. दिवसभर वाकडीच होती. कुणीतरी वाकडी आहे म्हणायला हवं होतं हो. संध्याकाळी उतरवताना मी चक्क रडले.

त्या दिवशी सत्यवती कोलीम, म्हणजे त्यांचा तो बारीक जवळा, परतून द्यायला आली होती. मला शेवग्याच्या बुंध्यापाशी बसलेली बघून म्हणाली, काकी, कशाला रडतंस, झाड हाय ते, परत येल. दशरथकाकांचा मात्र मना ठाव न्हाय. तुमच्याबद्दल असं बोलली म्हणून तिला मी कोलीम परत देणार होते, पण वास चांगला येत होता.

तर पत्र लिहायचं कारण असं. ती म्हणाली तसं झालंय, बुंध्याला कोंब फुटलेत. एक-दोन नव्हे, चिक्कार, सगळीकडून. ते सगळे ठेवले तर झाड झुडूप होऊन बसेल. तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे आताच खुडायला हवेत. कोणते ठेवायचे ते मला कळत नाही. मी ठरवीन ते चुकीचंच असणार, आणि तुम्ही आलात की त्यावरून वर्षभर बोलणार. म्हणून मी एकालाही हात लावलेला नाही. खुर्ची झाडाशी मांडून ठेवली आहे, कात्री धार लावून आणली आहे. मिळेल त्या गाडीने निघा, आणि येताना मला काय काय बोलायचं ते नीट ठरवून या. मीही ठरवून ठेवलंय.

तुमचीच, आणि भांडायला खोळंबलेली,
शुभदा