आवळ्याच्या भरवशावर

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून एकदाही लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण धुण्याला काढलेल्या आपल्या धाकट्या विष्णूच्या शर्टाच्या खिशात आवळासुपारी सापडली. सोमवारपासून तो शेंद्र्याला कामाला लागलाय. तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच रंगखात्यात, फवाऱ्यावर!

"आन् मास्क?" मी विचारलं.

"गुदमरतंय त्यात, ताई. आवळा हाय की! अण्णा नव्हते का खात?"

तुम्ही आवळा का खायचात हे त्याला ठाऊक नाही. मला आहे.

पूर्वी कामाची पाळी सुटली की तुम्ही खात्यातले सगळे गुळाचा खडा तोंडात टाकायचात. घशातला रंग गुळानं खाली उतरतो म्हणे! मी तेव्हा शहरातल्या कॉलेजात नुकती जीवरसायनशास्त्र शिकायला लागले होते. किती हसले मी त्या गुळाला! सुट्टीत करमाडला आले आणि ओट्यावर बसून तुम्हाला धडाच दिला. रंगातली, थिनरमधली काही रसायनं शरीरात गेली की पेशींना इजा करतात, त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. आवळा, पेरू, पालेभाज्या यांत अँटिऑक्सिडंट असतात, ते ही इजा थोडीफार रोखत असावेत.

"थोडीफार" म्हणाले होते का हो मी? की शहाणपणाच्या भरात गाळलं?

तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी अख्ख्या खात्याला सांगून टाकलंत, "माझी मनी लई शिकलीय. ती म्हणती, आवळा खाल्ला की रंगाचं जहर मरतंय." गुळाच्या जागी आवळा आला, आणि मास्क खिळ्याला लटकत राहिले. हे कळल्यावर मी काय केलं? खूश झाले! बाप आपलं ऐकतो म्हणून.

ज्या आजारानं तुम्ही गेलात तो नेमका कशानं झाला, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. तरी "मास्क घाला" एवढं बोलायला मला काय झालं होतं? आणि तुम्ही तरी! एकदा उलटून विचारायचंत, "मने, एवढ्यानं भागतंय का?"

नाही भागत, अण्णा. पत्रा गळायला लागला की आपण खाली घमेलं ठेवतो. घमेलं हवंच, पण म्हणून पत्रा तसाच ठेवायचा? आवळा खावा, मेथी खावी, रोज खावी. पण पाळीभर ओढलेल्या वाफेला ती किती पुरणार?

विष्णूला हे सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मी एकट्यानं मास्क घातला तर समदे हसतेत, ताई. तिथं अजून तुझंच नाव घेऊन आवळा खातेत."

माझं नाव घेऊन! ऐकलंत?

म्हणून ठरवलंय. उद्या पाळी सुटताना मी फाटकाशी उभी राहणार. तुमच्या सगळ्या दोस्तांना सांगणार की अण्णांच्या पोरीनं अर्धवट सांगितलं होतं. मास्क लावल्याशिवाय फवाऱ्याला हात लावू नका. साहेबांनाही भेटणार, जुने मास्क बदलून द्या म्हणून. नाही ऐकलं तर परवा परत जाईन, तेरवाही जाईन.

तुम्ही त्या खात्यात माझी एवढी फुशारकी मारलीत, ती उद्या मी माझ्याच तोंडानं मोडणार आहे. रागावू नका. विष्णूला इतक्या लवकर तुमच्याकडं येऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
मनी